भुताच्या सिनेमावर गल्लीचं मत

वडिलांशी माझा करार झाला होता. मी काढलेला सिनेमा एकदा नवागामातल्या आमच्या गल्लीला, म्हणजे खानदेशातून या गुजराती शहरात लूमवर कामाला आलेल्या लोकांना, दाखवायचा. लोकांना आवडला, तर वडील माझ्या नादाला पुन्हा नावं ठेवणार नाहीत. नाही आवडला, तर मी मुकाट्यानं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करत बसायचं, जे मी पोटासाठी करतेच. करार मीच सुचवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सिनेमा भुताचा होता, पाऊण तासाचा, सगळा मोबाइलवर काढलेला. एका कामगाराचा मोबाइल सापडतो, कामगार सापडत नाही, आणि आपण बघतो ते त्या मोबाइलमधलं चित्रण, अशी कल्पना. असे सिनेमे स्वस्तात होतात, कारण कॅमेरा हलला तरी तो मुद्दाम हलवलाय असं सांगता येतं. पांडेसऱ्यातलं एक बंद पडलेलं खातं, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांची, लूमची शेड, ओळखीतून रविवारपुरतं मिळत होतं. कामगार झाला माझा कोसाडचा मावसभाऊ. सिनेमात तो अहिराणीच बोलतो. हिंदीत कर, चार लोक जास्त बघतील, असं मला सगळ्यांनी बजावलं. पण एकट्यानं घाबरलेला खानदेशी माणूस हिंदीत कशाला घाबरेल? मी ऐकलं नाही. ऐकणं माझ्या पत्रिकेतच नाही, असं आई म्हणते.

रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलच्या खिडक्यांना जाड चादरी लावून आम्ही खेळ लावला. पहिली पंधरा मिनिटं लोक गप्प होते. मग तो प्रसंग आला, ज्याच्यावर माझा सगळा भरवसा होता. बंद खात्यात एक मशीन आपोआप सुरू होतं, ताण्याच्या तारा, म्हणजे कापडाचे उभे धागे, तटातटा तुटत जातात आणि मावसभाऊ मोबाइल धरून थिजून उभा राहतो. लोकांनी किंचाळायला हवं होतं. त्याऐवजी मागच्या रांगेतून एक कारागीर वैतागून ओरडला, पहिले मशीन बंद कर ना रे. दुसरा म्हणाला, तारा तुटताहेत आणि हा शूटिंग करतोय, असल्याला कामावर कोण ठेवेल? सगळा हॉल हसला. त्यानंतर भुताची कोणी पर्वाच केली नाही. त्यानं पुढं काय काय केलं, ते बहुतेक मी एकटीनंच पाहिलं.

चहाच्या वेळी मतं आली. एक जण म्हणाला, मोबाइल इतका हलतो की पोटात ढवळलं, तेवढीच भीती. एका काकूंना गाणं हवं होतं. कॉलेजातली एक मुलगी गुजरातीत म्हणाली, "बेन, भूत तो देखायुं ज नहीं." मी तिला समजावलं की न दिसणारं भूत जास्त भयंकर असतं. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. वडील कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, झालं ना आता? माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं होतं. मी घरी जाऊन तुटक्या तारांच्या प्रसंगाची दुरुस्ती वहीत लिहून ठेवली. करार गेला उडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन घरं पलीकडची म्हातारी दारात आली. सगळी गल्ली तिला मोठमाय म्हणते. तिला वाचता येत नाही. मोबाइल सापडला, माणूस सापडला नाही, ही सिनेमातली पहिली पाटी शेजारणीनं तिला वाचून दाखवली होती आणि ती तिनं खरी धरली होती.

"तो कोना पोऱ्या शे?" तिनं विचारलं. "तेनी मायले कोन्ही सांगं का?"

ते सगळं खोटं आहे, नाटक आहे, असं मी सांगितलं. तिला पटलं नाही. खोटं आहे तर त्याचा मोबाइल तुझ्याकडे कसा आला, असा तिचा बिनतोड सवाल होता. शेवटी मी मावसभावाला बोलावून घेतलं. तो संध्याकाळी आला, तेव्हा तिनं त्याचा दंड चाचपला, जेवलास का विचारलं, आणि मग माझ्याकडे वळली. आता ती सुटकेनं हसेल असं मला वाटलं होतं. ती भडकली.

"पोऱ्या हरपना, आन कोन्ही शोधाले नही गयं?"

मी म्हटलं, मोठमाय, या सिनेमांची रीतच असते तशी. पण बोलताना माझं मलाच ते पोकळ वाटलं. आमच्याकडे कोणी पाळी संपून तासभर उशिरा आला, तर खोलीतले जोडीदार चपला घालून निघतात, गावाकडे फोन जातात, नाक्यावरचा चहावालासुद्धा चौकशीत सामील होतो. माझ्या सिनेमात पाऊण तासात त्या माणसाला एकही फोन येत नव्हता. मी भूत बाहेरून उसनं आणलं होतं ते ठीक, पण एकटेपणही उसनंच आणलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. आणि त्याच क्षणी ठरलं, शेवट पुन्हा काढायचा.

त्या शेवटासाठी पोराला शोधायला येणारा बाप हवा होता. आमच्या घरात एक होता. वडील म्हणाले, करार संपला, मी असल्या भानगडीत पडत नाही. मी तीन दिवस भुणभुण लावली. ते बधले नाहीत. मग मोठमायनं त्यांना दारात गाठून काय सुनावलं कोण जाणे, रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

खात्यात मी त्यांना सांगितलं, दारातून आत यायचं, तिसऱ्या मशीनपर्यंत चालायचं, दोनदा हाक मारायची, मी बस म्हटलं की थांबायचं. ते आत आले. दोनदा हाक मारली. मी बस म्हटलं. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात घालवलेल्या माणसाला मागून म्हटलेलं बस ऐकू येत नाही, हे मी घाईत विसरले होते. ते चालत राहिले. प्रत्येक मशीनखाली वाकून, कुठं आहेस म्हणून विचारत बघायला लागले.

"ए भाऊ, कथा शे रे तू?"

मावसभाऊ माझ्या शेजारीच उभा होता, हातात चहाचा ग्लास घेऊन. त्यानं ओ द्यायला तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं मोबाइल त्यांच्यामागं फिरवत राहिले; तो हलतोय का, हे बघायचं मला सुचलंच नाही. वडील मागच्या खोलीत शिरले, दिसेनासे झाले, पण त्यांची हाक येत होती. मग तीही थांबली.

बऱ्याच वेळानं ते मागची खोली बघून बाहेर आले. गुडघ्यांना धूळ लागली होती, इस्त्री पार गेली होती.

"मांगली खोलीबी देखी उनू," ते म्हणाले. "तठे बी नही." मग रुमालानं तोंड पुसून माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढला रविवारले सिनेमा परत दखाड सगळासले."