जाझ कळणारा जावई

आमच्या घरात जाझ कळणारा मी एकटाच माणूस होतो, आणि ही गोष्ट घरच्यांना माहीत असावी म्हणून मीच ती वेळोवेळी सांगत असे.

बुलडाण्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे पाश्चात्त्य संगीतावरची तीन जाडजूड पुस्तकं आहेत. ती कुणीच नेत नाही, म्हणून मी घरी आणली आणि वाचून काढली. तेव्हापासून जाझवर मी अर्धा तास बोलू शकतो. ऐकू मात्र साधारण सहाच मिनिटं शकतो. (सातव्या मिनिटाला डोळा लागतो, किंवा माझी बायको सुनंदा मिक्सर लावते आणि मग फरक कळेनासा होतो.)

हा सगळा खटाटोप होता माझ्या सासऱ्यांसाठी. मामाजी साखरखेर्ड्याचे, चाळीस वर्षं लग्नाच्या बँडचे मास्तर. भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्यांचं क्लॅरिनेट पुढे असलं की मागच्या माणसांचे पाय दुखत नाहीत, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांनी माझ्याबद्दल एकच वाक्य उच्चारलं आहे: “जवाई वाचते लय.” आणि हे वाक्य ते ‘बैल खाते लय’ या सुरात म्हणतात! त्यांनी एकदा, फक्त एकदा, चार माणसांत म्हणावं, ‘जवायाले समजते’. आयुष्याकडून माझी एवढीच मागणी शिल्लक होती.

तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थ्यानं तीन पास पाठवले. लोणारच्या अलीकडे एका शेतातल्या रिसॉर्टवर, उघड्या आभाळाखाली, दिवसभर जाझ! वाजवणारे मुंबईचे, ऐकणारे पुण्याचे आणि शेत तेवढं आपल्याकडचं.

“बाबाले घेऊन जाऊ,” सुनंदा म्हणाली.

“त्यांना समजेल का?” मी काळजीनं विचारलं.

“तुमी समजावून सांगसान ना,” ती म्हणाली. ती हसली की नाही, ते मला नीट दिसलं नाही.

सकाळी चिखलीवरून साखरखेर्ड्याला पोचलो, तर मामाजी पांढराशुभ्र शर्ट घालून ओट्यावर तयार बसलेले. मांडीवर क्लॅरिनेटची, रेक्झिनची काळी पेटी.

“जय भीम, मामाजी. पेटी कशाला घेतली? तिथे श्रोते वाद्य आणत नाहीत.”

“नसतीन आणत. मी कवा श्रोता झालो?” मामाजी गाडीत बसत म्हणाले. “बँडवाल्याच्या कार्यक्रमाले बँडवाला खाली हातानं जात नसते, जवाईबापू. कोणाच्या वाद्याची पत्ती फाटते, कोणाचं पोट दुखते. येळ सांगून येते काय?”

रस्ताभर मी त्यांना जाझ समजावून सांगितलं. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात. मग एकेक जण ती सोडून स्वैर भटकायला जातो. शेवटी सगळे धुनेवर परत येतात. मामाजी लक्ष देऊन ऐकत होते. मेहकर मागे पडल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“आन् एखादा परत आलाच नाही तं?”

“येतोच.”

“आमच्याकडं नाही येत,” मामाजी म्हणाले. “वरातीत फटाके फुटते, नाचनारे अंगावर येते, अन् पोट्टा धून इसरून भलतीकडंच निंगून जाते. मंग मास्तरनं काय कराचं?”

“थांबवायचं?”

“वरात थांबवता का तुमी? पोराले लोकांत चुकला म्हनाचं नाही. त्याच्या बाजूले जाऊन मुखडा वाजवाचा. त्याच्या कानात पडते, तो रस्त्यावर येते. लोकायले वाटते, दोघायचं ठरलेलंच होतं.”

मी “अच्छा, अच्छा” म्हणून विषय पुन्हा जाझवर आणला. (तेव्हाच गाडी वळवली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.)

रिसॉर्टवर बसायला खुर्च्या नव्हत्या. हिरवळीवर कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, बांधलेल्या चौकोनी गाठी मांडल्या होत्या आणि पुण्याची मंडळी त्यांच्यावर बसून, “किती ऑथेंटिक!” म्हणत फोटो काढत होती.

“बैलाचं खानं पावन्याले बसाले?” मामाजींनी विचारलं.

“ही ग्रामीण संकल्पना आहे, मामाजी.”

“आन् बैल कोठी बसले?”

खाण्याच्या तंबूत लाकडी फळीवर तळहाताएवढी ज्वारीची भाकर आणि त्यावर ठेच्याचा एक ठिपका मिळाला. मामाजींनी ती फळी उजेडात धरून पाहिली. “भाकर हाय का भाकरीचा फोटू?” रांगेत पुढे असलेल्या बाईंनी वळून पाहिलं. मी त्यांच्याकडे बघून ‘हे कोण आहेत मला माहीत नाही’ अशा अर्थाचं हसलो. नेमकं तेव्हाच सुनंदानं मला पाहिलं.

चार वाजता मुख्य कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे निवेदक सुरू झाले. “अंतराळातून आलेल्या अतिथीनं जिथे वसुंधरेला आलिंगन दिलं, त्या विवराच्या साक्षीनं आज सूर आणि शून्य यांचं मीलन...” मीलन होईस्तोवर पंचवीस मिनिटं गेली.

“लय येळ घेऊन राह्यला हा,” मामाजी म्हणाले. “एवढ्यात नवरदेव घोड्यावरून उतरून जेवला असता.”

अखेर मंचावर चौघे आले. पुढे सॅक्सोफोनवाला, पन्नाशीचा, पांढऱ्या केसांची वेणी घातलेला. त्यांनी धून वाजवली. छोटी, गोड, वळणावळणाची. मामाजींचं बोट पेटीवर ठेका धरू लागलं. त्यांना कुठलीही धून एकदा ऐकली की पाठ होते. मग वेणीवाला धून सोडून भटकायला निघाला.

“आता तो गेला,” मी तज्ज्ञासारखं सांगितलं.

“गेला, दिसून राह्यलं.”

दोन मिनिटं झाली. चार झाली.

“येऊन काऊन नाही राह्यला?”

“येईल. हा शोध आहे, मामाजी. कलावंत स्वतःला शोधत असतो.”

“मले तं तो धून शोधून राह्यला वाटते. पाहा, ढोलवाल्याकडं तीनदा पाह्यलं त्यानं.”

“तो संवाद आहे.”

“संवाद नाही बापू, घाम हाय.”

सहा मिनिटं. माझी मर्यादा आली होती, पण आता झोप कुठली! कारण शेजारून ‘खट्’ असा आवाज आला. पेटी उघडली होती.

“मामाजी, नको! तो हरवलेला नाही! मुद्दाम गेलाय! पुस्तकात आहे!”

मामाजींच्या ओठांत, ओली करायला, वाद्याची पत्ती होती, त्यामुळे त्यांना उत्तर देता येत नव्हतं. ते शांतपणे क्लॅरिनेटचे तुकडे एकात एक बसवत होते. मी सुनंदाकडे पाहिलं.

“थांबवा ना तुमच्या बाबांना!”

“बाबा ना? मले वाटलं तुमी समजावून सांगून राह्यले.”

आणि मामाजी कुटाराच्या गाठीवर उभे राहिले. बसल्या बसल्या वाजवायची त्यांना सवय नाही. चाळीस वर्षं चालत वाजवलेलं आहे. दोन फुंकरींत त्यांनी सूर जुळवला आणि ती धून, सकाळच्या उन्हासारखी स्वच्छ, सगळ्या हिरवळीवर पसरवली.

दोनशे माना एकदम वळल्या. निवेदकांच्या हातातला कागद खाली पडला. आता सगळ्यांसमोर माफी मागणं मला भाग होतं. मी ताडकन उठून दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, “थांबा! थांबा! माफ करा! गैरसमज झालाय!”

लगेच काळ्या टी-शर्टातले दोन स्वयंसेवक धावत आले. आले ते थेट माझ्याकडे!

“सर, शांत व्हा. कार्यक्रमात व्यत्यय आणू नका.”

“व्यत्यय मी नाही, ते आणतायत!”

“ते वाजवतायत, सर. तुम्ही ओरडताय.”

मी वर केलेले हात हळूच खाली घेतले.

“हे तुमच्यासोबत आहेत का, मॅडम?” त्यांनी सुनंदाला विचारलं. ती वडिलांचा व्हिडिओ काढत होती. “नंतर सांगते,” ती म्हणाली.

मला अत्यंत आदरानं, दोन्ही दंडांना धरून, दोराच्या पलीकडे जनरेटरपाशी नेऊन उभं करण्यात आलं. तिथून मी पाहिलं. वेणीवाल्यानं वाजवता वाजवता मान वर केली, गाठीवर उभ्या असलेल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला, जणू यात्रेत हरवलेल्या लेकराला आई दिसली! तो धुनेवर आला. मामाजी थांबले नाहीत. तो पुन्हा बाहेर पडला, मामाजींनी मुखडा दिला, तो परतला. मग खोडी म्हणून तो मुद्दाम लांब गेला, तर मामाजींनीच वरातीतला एक झटका मारला आणि ढोलवाला त्यांच्यामागे धावत सुटला! पुण्याची मंडळी गाठींवरून उठून नाचायला लागली. निवेदकांच्या केसांत कुटार होतं. मामाजींना लोकांनी हाताला धरून मंचावर नेलं, आणि पुढची वीस मिनिटं मी, आयुष्यात पहिल्यांदा, जागेपणी जाझ ऐकलं. एका कानानं. दुसऱ्या कानात जनरेटर होता.

कार्यक्रम संपल्यावर सगळा घोळका मामाजींना घेऊन दोरापाशी आला. वेणीवाल्यानं त्यांचे पाय धरले.

“बाबा, आपने बचा लिया. सच में खो गया था मैं. बाहेर जाऊन परत यायचं कुठून तेच कळेना.”

“पण तुम्हाला कळलं कसं?” निवेदकांनी विचारलं. “आम्हाला तर तो साक्षात्कार वाटला!”

मामाजींनी घोळक्यावरून नजर फिरवली. ती दोराच्या पलीकडे, दोन स्वयंसेवकांच्या मधोमध उभ्या असलेल्या माझ्यावर येऊन थांबली.

“मले काय कळते?” ते म्हणाले. “हे आमचे जवाई. यायनंच सांगतलं. जवायाले समजते.”

चार माणसांत नाही, चाळीस माणसांत! स्वयंसेवकांनी माझे दंड सोडले. एकानं तर माझ्या शर्टाची बाहीही सारखी केली. निवेदकांनी मला नमस्कार केला आणि मी गंभीरपणे मान डोलावली. खरं सांगतो, गाडीपर्यंत चालत जाईस्तोवर माझा विश्वास बसला होता की मीच सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर सूर्य टेकला होता. मी गाडी चालवत होतो आणि सॅक्सोफोनवाला नेमका कुठल्या क्षणी भरकटला, याचं विवेचन करत होतो. मेहकर येऊन गेलं तरी माझं संपलं नव्हतं. शेवटी सुनंदा मागे वळली.

“बाबा, खरं सांगा. यायले खरंच समजलं होतं?”

मागच्या सीटवर मामाजींनी मांडीवरची पेटी सारखी केली.

“पोरी,” मामाजी म्हणाले, “चुकलेल्या पोराले लोकांत चुकला म्हनाचं नसते.”

सुनंदा इतकी हसली की तिला खिडकी उघडावी लागली. मी समोरच्या रस्त्याकडे, एका अपमानित पण जबाबदार चालकाच्या मुद्रेनं, एकटक पाहत राहिलो. चांगले सात-आठ किलोमीटर. मग दिव्यांच्या उजेडात एक पाटी आली: जानेफळ.

साखरखेर्ड्याच्या वाटेवर जानेफळ लागत नाही. मेहकरात चिखलीच्या रस्त्याऐवजी मी खामगावच्या रस्त्याला लागलो होतो. सुनंदानं पाटी वाचली. मामाजींनीही वाचली असावी. कुणी चकार शब्द काढला नाही.

फक्त मागून ‘खट्’ असा आवाज आला, आणि क्लॅरिनेटवर, अगदी माझ्या कानाशी, मुखडा सुरू झाला.