फळ्यावरचं सुप

छापखान्यात तो मुद्रितं तपासायचा. लेखकाचं नाव होतं आणि तपासणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर वाढतो, हे वाक्य तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचा आणि समोरचा हसेल की नाही याचा भरवसा नसल्याने आधी स्वतःच हसून घ्यायचा.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली आणि स्वयंपाकघरात त्याची परीक्षा सुरू झाली. अंडी उकडत ठेवून शब्दकोश उघडणारा माणूस तो. उकळून उकळून पाणीसुद्धा संपतं, हे त्याला भांडं करपल्यावर कळलं. मग तो शहरात जिवाला बरं वाटेल असं जेवण शोधत हिंडला. एवढं मोठं शहर, पावलोपावली हॉटेलं. पण हा जेवण चाखायच्या आधी मेनूकार्ड वाचायचा. एका ठिकाणी ‘भाजलेला मासा’च्या जागी ‘भाजलेला मामा’ छापलं होतं. त्याने वेटरला बोलावून मामांचं वय विचारलं. परत तिथे जायची सोय राहिली नाही.

शेवटी छापखान्यामागच्या गल्लीतल्या खाणावळीत त्याचं बस्तान बसलं. सात टेबलं, त्यातल्या एकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. तेच त्याचं टेबल. समोर भिंतीवर फळा, आणि फळ्यावर रोज चुका. ‘सुप’, ‘अंडि’, ‘दुध’. तो आला की आधी खडू घ्यायचा, ऱ्हस्वाचे दीर्घ करायचा, गल्ल्यावरच्या मालकीणबाईंना उपान्त्य अक्षराचा नियम ऐकवायचा आणि मग ऐटीत बसून म्हणायचा, “नेहमीचं!” सूप, मऊ भात, दोन उकडलेली अंडी, सगळं बिनबोभाट समोर यायचं. बाई नियम मान डोलावत ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘सुप’. बिचारीला अक्षरशत्रूच म्हणायला हवं, असं तो मनातल्या मनात म्हणायचा आणि भाताच्या शेवटच्या घासापर्यंत ताट पुसून खायचा.

अशात त्याची ताई येऊन धडकली. ती बोलायला आली नव्हती, त्याला घेऊन जायला आली होती. येताना त्याच्या कपड्यांसाठी एक रिकामी बॅगही आणली होती.

“माझ्या घरी चल. मागची खोली रिकामी आहे,” ती म्हणाली. “इथे तू दोन दिवस दिसला नाहीस, तर कुणाला पत्ता लागेल का? एक माणूस दाखव. दाखवलास तर राहा खुशाल.”

ताईच्या मागच्या खोलीत पुस्तकं नव्हती, काम नव्हतं आणि भाचेमंडळींचा ढोल होता. त्याचा जीव धास्तावला. पण तोंडातली फुशारकी गेली नाही. “चल, दाखवतो! मला तिथे नुसतं ‘नेहमीचं’ म्हणावं लागतं.”

दुपारी दोघं खाणावळीत शिरली. त्याने खडू उचलला, ताईकडे बघत तीन चुका झोकात दुरुस्त केल्या आणि हाळी दिली, “नेहमीचं!”

बाईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडून सांगितलं, “ऱ्हस्व-दीर्घ आलेत! नेहमीचं!”

आतून खसखस पिकली. तीन वर्षं आपल्याला इथे काय म्हणतात, हे त्याला तेव्हा समजलं. कान तापले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताईने हसू दाबत स्वतःचं वेगळं सांगितलं. नेहमीच्याला चिठ्ठी लागत नसे. ताईसाठी बाईंनी लिहिली आणि आत द्यायच्या खिळ्याला अडकवली. ताई उठून चिठ्ठीपाशी गेली.

“अरे, हे वाच.”

त्याने वाचलं. ‘सूप एक, मिरपूड नको. दूध कोमट.’ तिन्ही दीर्घ. वळणदार अक्षर, पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी.

“बाई, फळा कोण लिहितं?” ताईने विचारलं.

“मीच.” बाई जरा ओशाळल्या. “त्याआधी बावीस वर्षं शाळेत भाषा शिकवली.”

तो खुर्चीत बसला. बसला म्हणण्यापेक्षा खुर्ची खाली होती म्हणून निभावलं.

“अहो, पहिले काही दिवस तुम्ही दोन चमचे खायचात आणि ताट सरकवून निघून जायचात,” बाई म्हणाल्या. “एकदा घाईत माझ्याकडून ‘सुप’ लिहिलं गेलं. तुम्ही तरातरा उठलात, ते पुसलंत, मला झापलंत आणि सगळं ताट संपवलंत. मग मी रोजच चुकायला लागले. गेल्या महिन्यात तुम्ही दोन दिवस आला नाहीत, तेव्हा छापखान्यात विचारायला गेले होते. ताप होता म्हणे.”

जगाच्या चुका काढणाऱ्याला एवढी मोठी चूक तीन वर्षं दिसली नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! त्याला लाज वाटली, हसू आलं, आणि मग डोळे इतके भरून आले की चष्मा काढावा लागला. बायको गेल्यानंतर कुणी आपली एवढी काळजी करत असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

 ताईने आपलं दूध संपवलं. संध्याकाळी ती रिकामी बॅग रिकामीच घेऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, “बाईंना त्रास देऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी तो खाणावळीत पोचला तर फळा निर्मळ. सूप दीर्घ, अंडी दीर्घ, दूध दीर्घ. गुपित फुटल्यावर बाई तरी कशाला चुकतील? त्याचा हात उगाच खडूच्या डबीपर्यंत जाऊन परत आला. मग अगदी तळाला नवी ओळ दिसली: ‘नेहमीचं, फक्त एका माणसासाठि.’

ताट आलं. सुपाची वाफ चष्म्यावर चढली. बाई गल्ल्यावरून रोखून बघत होत्या.

“आज चूक दिसली नाही वाटतं?”

“दिसली,” चमचा उचलत तो म्हणाला. “आधी जेवतो. गार होईल.”