लंबकाचा दोरा

आमच्या घरात भौतिकशास्त्र आदळआपट करत आलं. चहा पाणचट झाला म्हणून अप्पांनी एकदा कपबशी भिंतीवर फेकली. तुकडे अजून फरशीवर गिरक्या घेत होते, तोच आम्हा भावंडांना समोर उभं करून त्यांनी विचारलं, हे तुकडे आपसूक उठून पुन्हा कप का होत नाहीत? न्यूटनच्या नियमांची त्याला काही हरकत नाही, ते म्हणाले, सगळ्या तुकड्यांचे वेग उलटे फिरवले तर कप होईलही. पण तुकडे होऊन पडण्याचे प्रकार अगणित, आणि धड कप असण्याचे मोजकेच, म्हणून तो होत नाही. आईनं सुपलीत तुकडे भरले. तिला हा धडा लग्न झाल्यापासून पाठ होता.

अप्पा हैदराबादेत एका कॉलेजात शिकवत. ते स्वतः उर्दूतून शिकलेले, त्यामुळे कण म्हणजे ज़र्रा आणि इलेक्ट्रॉन म्हणजे बर्क़िया हे त्यांच्या जिभेवर बसलेलं. पुढे इंग्रजी आली. ते समजावत इंग्रजीत, ओरडत दख्खनीत, आणि मारताना मराठीत येत. मारायला मीटरची लाकडी पट्टी होती, दोन्ही टोकांना पितळ बसवलेली. माझ्या डाव्या हाताचं एक पेर अजून जाड आहे. मीही पुढे जन्मभर हाच विषय शिकवला, पण त्या पट्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

त्यांच्या मते या शास्त्राची तीन घरं होती. पहिलं न्यूटनचं. वस्तू कुठे आहे आणि किती वेगानं कुठे निघालीय ते सांगा, ती मघाशी कुठे होती आणि पुढे कुठे जाईल ते मी सांगतो. दुसरं गर्दीचं. डब्यातल्या वाफेचा एकेक रेणू कुठे धडकेल याचा भरवसा नाही, पण सगळ्यांचा मिळून झाकणावर दाब किती, ते ठरलेलं. तिसरं घर बर्क़ियाचं. तो कुठे सापडेल याची फक्त शक्यता सांगता येते, आणि तेही आपण अडाणी म्हणून नव्हे, जगच तसं आहे म्हणून. या तिसऱ्या घरात अप्पा नाखुशीनं जात, पाहुण्यासारखे, आणि लवकर बाहेर पडत.

ती राज्यांच्या फेररचनेची वर्षं. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार, कुठला कुणाला आणि शहर कुणाचं, यावरून रोज मोर्चे निघत आणि रोज कुठेतरी डोकी फुटत. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी जेवताना विषय एकच, मराठी नोकरदारांना मुंबई राज्याकडे ढकलतात की इथेच ठेवतात. अप्पांना शहर सोडायचं नव्हतं. त्यांचे वडील, आजोबा इथेच नोकरी करून गेले होते.

मी तेव्हा अप्पांच्याच वर्गात बी.एस्सी.ला होते, वर्गात एकटी मुलगी. प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग लावला होता. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोक्यांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून पृथ्वीची ओढ काढायची. आता प्रयोग न करताच उत्तर आधी लिहायचं आणि मापं मागून जुळवायची, याला सगळीकडचे विद्यार्थी रीडिंग शिजवणं म्हणतात. आमच्या पुस्तकात उत्तर छापलं होतं नऊशे एक्क्याऐंशी. ही ओढ जागेगणिक थोडी बदलते, म्हणून हैदराबादेत ते भरतं नऊशे अठ्ठ्याहत्तर. हे अप्पा कुणाला सांगत नसत. एक्क्याऐंशी लिहिणारा आपोआप सापळ्यात सापडे आणि पट्टी बसे.

त्या दिवशी एका मुलाचं उत्तर आलं नऊशे अठ्ठ्याहत्तर. हा मुलगा मराठवाड्यातला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून कॉलेजात पोचलेला पहिलाच. गौलीगुड्यात थोरल्या भावाच्या खोलीवर राही. भाऊ बसच्या वर्कशॉपात कामाला होता. मुलगा अबोल, अंग चोरून बसणारा. अप्पांनी त्याला विचारलं, हा आकडा तुला कुणी फोडला? तो म्हणाला, "कुणी नाही सर, लंबकानंच." अप्पांनी फाडकन त्याच्या तोंडात मारली. दुसऱ्या कुणाचं हे उत्तर आलं असतं तर त्यांनी पाठ थोपटली असती. हे मी ठामपणे सांगते, कारण मी त्यांची मुलगी आहे.

तेवढ्यात बाहेर दगडफेक सुरू झाली. कॉलेज सोडून दिलं, मुलं मागच्या दारानं पळाली. अप्पांनी त्याला मात्र थांबवलं. खिडकीपाशी उजेडात उभं राहायचं आणि त्यांच्यासमोर पहिल्यापासून मोजायचं, मोठ्यानं. मी अप्पांसोबत घरी जायचं म्हणून थांबले होते. आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर, खिडक्या रस्त्यावर उघडणाऱ्या. दगड भिंतीवर आपटत होते, कुणीतरी ओरडत होतं, आणि हा एका सुरात झोके मोजत होता. मला भीती वाटत होती, आणि अप्पांचा संताप येत होता.

आवाज नंतर आला असं मला आठवतं, आधी तो पडला. आकडा त्याच्या तोंडात अर्धा राहिला. गोळी मानेतून आरपार जाऊन समोरच्या लाकडी कपाटात घुसली होती. अप्पांनी दोन्ही हातांनी त्याची मान दाबून धरली, पण रक्त बोटांच्या फटींतून येतच राहिलं, टेबलाखाली, माझ्या चपलांखाली. अप्पा त्याला हाका मारत होते, शिव्या देत होते, श्वास घे म्हणत होते. त्यानं घेतला नाही. लंबक वर झुलतच होता. शेवटी मी तो हातानं थांबवला.

दोन दिवसांनी पोलिसांचा एक अधिकारी घरी आला. अप्पांचा जुना विद्यार्थी, वाकून नमस्कार करणारा. त्याचं म्हणणं असं, की पोलिसांनी गोळ्या हवेत झाडल्या, एक विजेच्या खांबावर आपटून भलतीकडे वळली, मुलगा रस्त्यावर दगड मारणाऱ्यांत होता आणि लागल्यावर त्याला आत आणलं. अप्पांनी चौकशीत इतकंच म्हणायचं, की कॉलेज रिकामं झालं होतं. मुलीला यात ओढायला नको. रिकाम्या कॉलेजात विद्यार्थ्याला कुणी थांबवलं हा प्रश्नही मग उरत नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या वाटणीत अप्पांचं नाव इथेच राहील. मग तो हसून म्हणाला, "सर, आपीच तो पढाये थे, एक ज़र्रे का ठिकाना कोई नहीं बता सकता बोलके."

"वो बर्क़िये के वास्ते था," अप्पा म्हणाले. "गोली का ठिकाना रहता."

पण मग ते त्याला फाटकापर्यंत सोडायलाही गेले. आईनं त्या रात्री चूल पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचा भाऊ आला. अंगावर वर्कशॉपचेच कपडे. बस म्हटलं तर बसला नाही. गावी त्याच्या आईला पोलीस सांगून गेले होते की तुमचा पोरगा दंगलीत मेला, आणि तिनं तेव्हापासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "माझा भाऊ रस्त्यावर होता का, सर?" अप्पा म्हणाले, "नाही, आत होता." मग आत काय करत होता, हे भावानं विचारलं नाही आणि अप्पांनी सांगितलं नाही. मी दाराआड उभी होते. मला बाहेर येऊन ओरडावंसं वाटत होतं, आणि आईनं माझं मनगट आवळून धरलं होतं.

त्याच दुपारी अप्पा मला घेऊन प्रयोगशाळेत गेले. फरशी धुतली होती, तरी सांध्यांमध्ये काळं राहिलं होतं. त्यांनी तोच गोळा, त्याच दोऱ्यानं, त्याच लांबीवर टांगला आणि झोके मोजले. पुन्हा मोजले. मग कागदावर गणित करून बराच वेळ त्या उत्तराकडे बघत बसले. काय आलं, मी विचारलं. त्यांनी कागद चुरगळून खिशात घातला आणि स्टूल माझ्याकडे न बघता इतक्या जोरानं लाथाडलं की त्याचा पाय मोडला.

चौकशीवाले जागा बघायला आले ते आठवड्याभरात. साहेब, दोन कारकून, तो जुना विद्यार्थी, आणि दाराशी मुलाचा भाऊ. चौकशीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. गोळी कागदोपत्री खांबावरच आपटली, आणि आम्ही वर्षाच्या आत सामान बांधून औरंगाबादेला गेलो. पण त्या दिवशी अप्पांनी लंबकाचा दोरा सोडून घेतला आणि आणखी दोरा जोडून तो लांबवला. एक टोक कपाटाच्या भोकात खुंटीनं ठोकलं, दुसरं खिडकीच्या काचेला गोळीनं पडलेल्या भोकातून बाहेर काढून ताणलं. दोरा जमिनीशी समांतर गेला, उभ्या माणसाच्या मानेच्या उंचीवरून, थेट फाटकाकडे, जिथे पोलीस उभे होते. खांब पार बाजूला राहिला. दोन बिंदू मिळाले की रेघ एकच निघते, अप्पा म्हणाले, आणि ही रेघ हवेत जात नाही.

साहेबांनी दोऱ्याकडे पाहिलं. मग विचारलं, कॉलेज सुटल्यावर मुलगा इथे, खिडकीत, काय करत होता?

अप्पांनी दोरा मुठीत धरला. मग म्हणाले, "मी उभा केला होता त्याला. त्याचे आकडे खोटे आहेत असं मी म्हटलं. मारलंही."

कारकून लिहायचा थांबला. दाराशी उभा असलेला भाऊ पुढे आला आणि त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "होते का खोटे?"

"नाही," अप्पा म्हणाले. "मी नंतर मोजले. बरोबर होते."

भावानं अप्पांच्या तोंडात मारली. चष्मा उडून टेबलाखाली गेला, दुसरी बसली तेव्हा अप्पा कपाटावर आदळले, आणि दोरा तेवढा त्यांनी सोडला नाही. कुणी मध्ये पडलं नाही. मीही नाही.