तोंडी परीक्षा

लॉकडाऊनमध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा मला तिथं लागून वर्षही झालं नव्हतं. कॉलेज मुलींचं. मी इंग्रजी शिकवायचे, तासिका तत्त्वावर, म्हणजे नोकरी कायम नव्हती. स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची धरून बसायचे आणि कुणी विचारल्याशिवाय बोलायचे नाही. माझी शाळा छावणीतली, इंग्रजी माध्यमाची. माझं मराठी घरापुरतं. कुणी भराभर 'एकोणसत्तर' म्हणालं की मी अजूनही मनात थांबून आकडा जुळवते.

आमच्याकडे 'मेंटर' नावाची एक फाईल होती. प्रत्येक शिक्षिकेच्या वाट्याला काही मुली आणि वर्षाअखेर त्यांच्या सह्या. तपासणीची समिती आली की ती फाईल सगळ्यात वर ठेवायची, एवढाच तिचा उपयोग. लॉकडाऊन लागला आणि प्राचार्य मॅडमनी ऑनलाइन मीटिंग बोलावली. त्यांचा कॅमेरा छताच्या पंख्याकडे होता. ते त्यांना सांगायचं धाडस शेवटपर्यंत कुणालाच झालं नाही. पंखा म्हणाला, "त्या फाईलमधल्या आपापल्या मुलींना फोन करा. लिंक पाठवून मोकळ्या होऊ नका. फोन करा."

मी केले. बहुतेक घरांत फोन एकच, तोही वडिलांचा नाहीतर भावाचा. मी मॅडम बोलतेय म्हटलं की फोन मुलीला मिळायचा, पण स्पीकर चालूच राहायचा. मागं टीव्ही, भांडी, कुणाचा तरी खोकला. मी विचारायचे, "ठीक आहेस ना?" ती म्हणायची, "हो मॅडम." मग मी फोन ठेवायचे.

संध्याकाळी प्राचार्य मॅडम आम्हा नव्या शिक्षिकांना एकेक करून फोन करायच्या. माझी वेळ चहानंतरची. मी गॅलरीत उभी राहायचे. चिकलठाण्याकडं विमानं उतरायची थांबली होती आणि जालना रोड इतका रिकामा, की आमच्या चौथ्या मजल्यावर कुत्र्यांची भांडणं ऐकू यायची. मी माझा अहवाल द्यायचे: अमकीशी बोलले, ती बरी आहे. तमकीशी बोलले, तीही बरी आहे.

"सगळ्याच बऱ्या?" एकदा त्यांनी विचारलं. "अख्खी दुनिया आजारी आहे आणि तुझ्याच मुली तेवढ्या ठणठणीत?"

मी फाईलमधल्या नावांवरून पुन्हा बोट फिरवलं.

"अगं, सगळं घर ऐकत असताना पोरगी काय सांगणार तुला? आधी पाऊसपाणी विचार, आईची तब्येत विचार. मग म्हणायचं, आता तोंडी परीक्षा घेते, स्पीकर बंद कर आणि बाजूला जा. घरच्यांनी उत्तरं सांगायची नाहीत. बघ कशी गच्चीवर पाठवतात ते."

खरंच पाठवायचे. परीक्षा म्हटलं की घर बाजूला व्हायचं. कुणी गच्चीवर जायची, कुणी गोठ्यामागं. एखादा प्रश्न मी खरोखरच विचारायचे, म्हणजे खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही. त्यानंतर त्या बोलायच्या. एकीला रात्री झोप लागत नव्हती. एकीचा भाऊ तिचा डेटा संपवून टाकायचा.

गंगापूरकडच्या एका खेड्यातली मुलगी होती, शेवटच्या वर्षाची. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसायची आणि तिची इंग्रजी वाक्यं माझ्या शाळेतल्या मुलींपेक्षा नेटकी असायची. तिला एम.ए. करायचं होतं, शहरात, वसतिगृहात राहून. एकदा तोंडी परीक्षेत ती म्हणाली, "मॅडम, उद्या फोन नका करू. घरी पाहुणे येणारेत."

मी म्हटलं, "अरे वा! मजा कर मग."

ती हसली नाही. फक्त "हो मॅडम" म्हणाली.

संध्याकाळी मी हे मॅडमना सहज सांगितलं. 

"लॉकडाऊनमध्ये कोण पाहुणे येतात गं?" त्या म्हणाल्या. "पाहुणे म्हणजे तिला बघायला येणारे. आणि तू तिला म्हणालीस मजा कर." मग त्या हसायला लागल्या, खो खो. मला रडू येत होतं आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. "कुठली गं तुझी शाळा? पाहुणेसुद्धा नाही शिकवले?"

आता वाटतं, त्या मुद्दामच हसल्या असाव्यात. रागावल्या असत्या, तर मी पुढचा फोन कधीच केला नसता.

"मॅडम, तुम्ही बोलाल तिच्या वडिलांशी?"

"मी बोलले तर तो प्राचार्यांचा फोन होतो. माणूस 'हो जी, हो जी' करतो आणि लग्न लावून टाकतो. तू तिला शिकवतेस. तूच बोल. मी असेनच."

त्या 'असेनच' म्हणाल्या म्हणून मी केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं. पहिल्या मिनिटातच तो कागद निरुपयोगी ठरला.

"व्हय मॅडम, हुशार हाय आमची," तिचे वडील म्हणाले. "पण आता गर्दी जमवायची नाय, घरच्या घरी होऊन जातंय. असा टाइम परत यायचा नाय. तुमचं लग्न झालं का मॅडम?"

"नाही."

"वय काय तुमचं?"

मी सांगितलं.

"मग?" ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, माझी काळजीच होती.

"आमच्याकडेही पाहुणे येऊन गेले," मी म्हटलं. शब्द नुकताच शिकले होते. "बाबा म्हणाले, आधी तिचं काम मार्गी लागू द्या."

"तुमचे बाबा शहरात राहत्यात ना?"

"हो."

"शहरात थांबता येतंय, मॅडम. इथं लोक दारात येऊन विचारत्यात."

मी एवढंच म्हटलं, की शेवटचं वर्ष आहे, परीक्षा होऊ द्या, पेपर बुडाला तर तीन वर्षं पाण्यात. आणि तिला विचारा. एकदा तरी तिला विचारा. ते म्हणाले, परीक्षेपर्यंत थांबवतो, त्यापुढचं माझ्या हातात नाही.

परीक्षा मोबाइलवर झाली. रेंजसाठी ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसली होती आणि धाकटी बहीण तिच्यावर छत्री धरून उभी होती. ती पहिल्या वर्गात पास झाली. थंडीत तिचं लग्न झालं. एम.ए. आणि वसतिगृह राहूनच गेलं.

मी मॅडमना विचारलं, "हरलो का आपण?"

"बी.ए. तर झाली. पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही." मग म्हणाल्या, "माझ्या वेळी माझ्या बाई आमच्या वस्तीत चालत आल्या होत्या, माझ्या वडिलांशी बोलायला. एकदा नाही, तीनदा. तू एकदाच केलायस फोन."

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. कार्यक्रमाला परवानगी नव्हती. ऑफिसच्या किल्ल्या दिल्या आणि गाडीत बसल्या. मी फाटकाशी मास्क लावून उभी होते. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण गाडी निघून गेली. आता मॅडम मुलाकडं नाशिकला असतात. गेल्या वर्षापासून त्यांना ऐकायला फार कमी येतं. कानाला मशीन लावलं, तरी फोनवरचे शब्द एकमेकांत मिसळतात म्हणे. त्या मेसेज करतात, नीट विरामचिन्हांसकट. मी तेवढ्याच नीटपणे उत्तर देते. कॉलेज कधीचंच सुरू झालंय, तरी चहानंतर माझे पाय गॅलरीकडं वळतात.

मागच्या महिन्यात गंगापूरकडच्या त्या मुलीचा फोन आला. सासरहून, स्वतःच्या फोनवरून. घरी राहून बाहेरून एम.ए. करता येतं का, विचारत होती. तिचा मुलगा अंगणवाडीत जायला लागलाय. सासूची हरकत नाही, नवऱ्याचं अजून नक्की नाही. "तुम्ही बोलाल का मॅडम त्यांच्याशी?"

मी बोलले. आधी पाऊसपाणी विचारलं, कांद्याचं विचारलं, मग विषयावर आले. तिच्या नवऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "बघू."

मी लगेच मॅडमना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं: "'बघू' कसं म्हणाला? टाळायला, की खरंच बघतो म्हणून?"

मी गॅलरीत उभी राहून लिहायला लागले. हळू म्हणाला, लिहिलं, पुसलं. थांबून म्हणाला, लिहिलं. तेही पुसलं. तो 'बघू' मला त्यांना म्हणून दाखवायचा होता, त्याच्यासारखाच, शेवटी किंचित ओढून. त्यांनी तो एकदा ऐकला असता, तर खरं काय ते क्षणात सांगून मोकळ्या झाल्या असत्या.