मऊ शेंदरातला दाणा

भिवा गेल्याचं मला शाळेत कळलं. तिसरीचा वर्ग पाढे म्हणत होता. खंडाळ्याच्या रेल्वे चाळीतला एक कामगार दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, भिवाभाऊ गेलं. सकाळच्यालाच." मी मान डोलावली आणि पोरांना पुढचा पाढा घ्यायला सांगितलं. लोक म्हणतात, मास्तरांनी दोस्ताचं मरण धीरानं घेतलं. तसं नव्हतं. ऐकताच मला आधी हायसं वाटलं... माझी गोष्ट ठाऊक असलेला एकमेव माणूस गेला होता.

आम्ही दोघं वलवणचे. तो शेतकऱ्याचा, मी भैरवनाथाच्या गुरवाचा. धरणाच्या भिंतीचं काम निघालं आणि भिवाची भातखाचरं पाण्याखाली जाणार हे नक्की झालं, तेव्हा आम्ही विशीत होतो. सासरा पवन मावळातला जमिनीचा एक तुकडा त्याला कसायला देत होता. इकडे जवळच, घाटात, रेल्वेला माणसं हवी होती. त्याच्या बायकोचा, सरूवहिनींचा, ओढा माहेराकडे. त्यांनी गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं होतं. भिवाचं मात्र ठरेना. "देवालाच इचारू," तो म्हणाला.

आमच्याकडे कौल लावतात तो असा: तांदळाचे दोन दाणे भिजवून देवाच्या छातीवर उजवी-डावीकडे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. हे काम वडिलांचं, पण ते तापानं पडून होते म्हणून त्या दिवशी मी उभा राहिलो. देवावर शेंदराचे थरावर थर असतात. ताज्या तेलानं मऊ राहिलेल्या जागी दाणा दाबला तर दिवसभर हलत नाही. वाळलेल्या पापुद्र्यावर टेकवला तर पाणी सुकताच घरंगळतो. गुरवाच्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. भिवा काय विचारणार ते मला माहीत होतं. मी डावा दाणा मऊ जागी दाबला. उजवा नुसता टेकवला. कारण इतकं लहान आहे की लिहायची लाज वाटते. तो पवन मावळात गेला असता तर मला गावात बोलायला कुणी उरलं नसतं.

"देवा, रेल्वेत जाऊ का?" त्यानं विचारलं. उजवा पडला. सरूवहिनी उठून घरी गेल्या. त्यांनी गाठोडं सोडलं.

भिवा खंडाळ्याला रुळांचे सांधे बदलायच्या कामावर लागला आणि त्याला एक सवय जडली. गावात घर बांधायचं का, बढतीसाठी साहेबाला भेटायचं का, काहीही विचारा, तो म्हणायचा, "आपला कौल कवाच झालाय." चाळीतले लोक टोमणा मारायचे, "भाऊ, आज भाजी कंची? झाला का कौल?" तोही हसायचा. दर वर्षी भाताची कापणी झाली की नवे तांदूळ मूठभर विकत घ्यायचा, फडक्यात बांधून देवासाठी माझ्याकडे द्यायचा. स्वतःचं खाचर नव्हतं, तरी.

त्याचा थोरला, नामा, अठरा वर्षांचा झाला. पोरगा गाड्यांना भ्यायचा. आजोळी शेतीला जाऊ का, असं त्यानं बापाला विचारलं, तेव्हा मी तिथंच चहा पीत बसलो होतो. भिवा म्हणाला, "देवानं आपल्याला रेल्वेत घातलंय, पोरा." मी बोलायला हवं होतं. मी चहा बशीत ओतला... वर्ष उलटायच्या आत, लोणावळ्याच्या यार्डात डबे जोडताना नामा दोन डब्यांच्या मध्ये सापडून गेला. त्या वर्षीही भिवानं तांदूळ आणून दिले.

आमच्या लोणावळ्याच्या वाचनालयात माणूस स्वतंत्र की दैवाधीन यावर मंडळी तावातावानं भांडतात. मी वर्तमानपत्राआड बसून ऐकतो. दैवाची बाजू मला फार पटते, कारण तीत माझी सुटका आहे. गुरवाच्या घरी जन्म, वडिलांचा ताप, एकटं पडायची भीती, हे सगळं आधीच मांडलेलं होतं. माझं बोट दुसरीकडे जाणार तरी कसं? पण मला एक गोष्ट आठवते. दाणा दाबण्याआधी माझं बोट थांबलं होतं. डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ, पण थांबलं होतं. त्या थांबण्यात दोन्ही जागा मला मोकळ्या होत्या. तेवढ्यामुळे मी स्वतःला सोडवू शकत नाही.

जायच्या आठवडाभर आधी भिवाला भेटायला गेलो. छाती भरलेली, बोलताना धाप लागत होती. सरूवहिनी पाण्याला गेल्या होत्या. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान माझ्याकडे वळवली.

"गणू, त्यो हात तुजा हुता व्हय?"

"माझाच होता."

"न्हाई. तुजा हात बी त्यानंच हलवला." खोकल्याची उबळ ओसरल्यावर तो म्हणाला, "नाम्याचं मरण तुज्या बोटावर? येवढा मोठा न्हाईस तू."

मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी निघेपर्यंत वळला नाही. त्याला ते खरंच तसं वाटत होतं, की दुसरं काही मानून त्याला मरता आलं नसतं, हे मला कळलं नाही. आता कळणारही नाही. तो मला क्षमा करून गेला असता किंवा शिव्या देऊन, तर मी दोन्ही घेतलं असतं. त्यानं माझं कृत्यच माझ्याकडून काढून घेतलं.

परवा सरूवहिनींनी तांदळाची पुरचुंडी पाठवली. निरोप होता, "भावजींना म्हनावं, ह्यांचा नेम मोडू नगा." मी देवळात गेलो. गाभाऱ्यात कुणी नव्हतं. पुरचुंडी सोडली, दोन दाणे भिजवले. विचारणार होतो, तो हात माझा होता का... देवासमोर उभा राहिलो, तर शेंदूर कुठं मऊ आहे आणि कुठं वाळलाय, ते पहिल्या नजरेतच दिसलं. कुठला दाणा पडेल हे मला आधीच ठाऊक होतं.

बाकीचे तांदूळ देवापुढे ठेवले. ते दोन दाणे मुठीत तसेच घरी आले. फडताळात, त्याच फडक्यात आहेत.