ताटलीतले डोळे

आयर्लंडमधल्या मलिंगार गावच्या माझ्या घरमालकीणबाई नवीन माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत, हातांकडे बघत. ही सवय चित्रांमुळे लागलेली. "चेहरे सगळ्या संतांचे सारखेच गं," त्या म्हणत. "हातात काय धरलंय ते बघ, म्हणजे नाव कळेल."

त्यांच्या पाद्री मामांनी मागे ठेवलेली, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं एका रुंद खणात होती. मी इस्पितळात कॉम्प्युटरचं काम करायचे आणि वरच्या खोलीत राहायचे. रविवारी चहा झाला की बाई माझ्या हातात भिंग देत. जहाजाचा नांगर म्हणजे आशा. विझलेली मेणबत्ती म्हणजे सरलेलं आयुष्य. स्वतःच्या छातीत चोच खुपसून पिल्लांना रक्त पाजणारा पेलिकन म्हणजे ख्रिस्त. "आमचा विष्णूही शंख-चक्रावरूनच ओळखतात," मी म्हटलं, तर खूश होऊन म्हणाल्या, "ग्रँड! मग तुला शिकवायला नकोच."

पुढे त्यांची नजर मधोमध पुसट होत गेली. संत लूसी ताटलीत दोन डोळे घेऊन उभी असते. तिच्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हिच्याकडे जास्तीचे आहेत, पण द्यायचं नाव नाही!" तेव्हापासून बघायचं मी आणि ऐकायचं त्यांनी.

एका हिवाळ्यात पाइप फुटून खणात पाणी गेलं. पेलिकनवर मोठा डाग पडला, तीनातली दोन पिल्लं गेली. "सगळं ठीक आहे, तिन्ही पिल्लं आहेत," मी सांगून टाकलं. त्यांनी कागदावरून हलकेच तळवा फिरवला. कागद पार सुरकुतला होता.

"माझे डोळे गेले, बाळा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता तुझ्यावरही भरवसा नाही, तर मी कुणाला विचारू?"

मी रडत रडत डागाची कड न् कड सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्यासाठी अंदाजाने चहा ओतला, निम्मा बशीत सांडला.

नंतर त्या वृद्धाश्रमात गेल्या. एकदा मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "खिडकीतून काय दिसतं?" कालवा, हंस, काहीही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "भिंत. शेवाळलेली."

"हिरवे रंग किती?"

मी उठून खिडकीशी गेले. बराच वेळ बघितलं. "सात," म्हणून वळले, तर त्यांना झोप लागली होती. त्याच आठवड्यात त्या गेल्या.