राहूच्या आप्पांची ओढ मोजताना

माणसाला जागेची ओढ किती, हे एक ते पाचमध्ये मोजायला मी निघाले, हा अतिशहाणपणाच. पण काम तसंच होतं. एका संस्थेला शिरूर-दौंडमधलं एकच गायरान पुन्हा गवताखाली आणायचं होतं. जिथल्या लोकांची ओढ जास्त, तिथे ते टिकेल, म्हणून आधी प्रश्नावली. मी मानसशास्त्र शिकवते, प्रश्न माझेच.

पुण्याहून सकाळी सहाला निघालात तर नगर रस्त्यावरची गर्दी चुकते. कारेगावात चाळीस रुपयांत पोहे-चहा झाला. टपरीवरच्या एका कामगाराला सहज माझा प्रश्न विचारून पाहिला.

"दीदी, आपको कितना चाहिए? पाँच लगा दो," तो म्हणाला. पाहुण्याला नाराज कोण करणार! मी ते उत्तर धरलं नाही.

पुढे न्हावरा, पारगाव करत राहू गाव. दिवाळी उलटली होती, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत जायची तयारी ठेवा.

राहूत आप्पांच्या अंगणात बसले. उभी हयात मेंढरांमागे गेलेला माणूस. आता थोडा ऊस आणि दोन शेळ्या. त्यांच्या बायकोने, मावशींनी, पिठलं-भाकरी वाढली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही.

"आप्पा, या जागेची ओढ किती? एक ते पाच."

"एक."

मावशी चपापल्या. "आवं, गायरानाचं काम हाय. पाच म्हना की."

"खोटं कशापायी? दिवाळी झाली की आमी कोकणात उतरायचो. जितं गवत, तितं आमी. जागा कवा धरलीच न्हाई." बोलताना ते उसाच्या पलीकडे, मावळतीकडे बघत होते. मला पाच लिहावासा वाटला. तरी मी एकच लिहिला. मेंढरं सोडलेल्या बाकीच्या घरांतही एक नाहीतर दोन.

चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याने परतले. वाटेत धड चहाही घ्यावासा वाटला नाही.

घरी आकडे मांडले तर राहू तळाला. गायरान हातचं जाणार होतं, तेही माझ्या प्रश्नापायी. जन्मभर चालत राहिलेल्यांना मी जागेबद्दल विचारत बसले होते. संस्थेकडून प्रश्न बदलायची परवानगी मागून घेतली आणि आप्पांना फोन लावला.

"आप्पा, गवताची ओढ किती?"

पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचं ऐकू आलं. मग मावशींचा आवाज आला.

"ताई, त्ये उठून गायरानाकडं गेल्यात. तुमी पाच लिवा."